शंका-समाधान : यानाच्या नळ्यांतून आग का निघते?

टीव्हीवरच्या विज्ञानकथा मालिकांवरून निघालेल्या कॉमिक्सबद्दल या वेळी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून इतकी पत्रं आली की सदराची सगळी पानं त्यांनाच दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

शहापूर, बेळगाव येथून : रद्दीच्या गठ्ठ्यात ‘स्टार ट्रेक’चा इंग्रजी कॉमिक अंक मिळाला. मुखपृष्ठ गेलं आहे, शेवटची काही पानंही नसावीत असं वाटतं. तो कितवा अंक, कोणत्या सालचा आणि मूळ छपाई की नंतरची, हे कसं ओळखायचं?

पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांच्या दोन-तीन ओळी असतात का पाहा. प्रकाशकाचं नाव, महिना, साल, अंक क्रमांक आणि हक्क कोणाचे, हे त्यात असतं. भिंग घ्या, कारण हा मजकूर बहुतेक वेळा अर्धवट उडालेला असतो. प्रकाशकाच्या नावानेच अर्धं काम होतं. ‘गोल्ड की’ दिसलं तर अंक १९६७ ते १९७९ मधला; वेस्टर्न पब्लिशिंगने या नावाखाली मालिकेचे ६१ अंक काढले. ‘मार्व्हल’ असेल तर बहुधा एप्रिल १९८० ते फेब्रुवारी १९८२ या काळातल्या १८ अंकांपैकी एक, नाहीतर १९९६ ते १९९८ मधला. ‘डीसी’ असेल तर १९८४ किंवा त्यानंतरचा, ‘आयडीडब्ल्यू’ असेल तर २००७ किंवा त्यानंतरचा.

कधीकधी हा मजकूर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. तुमच्या अंकाचं तसं असेल तर तो मुखपृष्ठाबरोबर गेला. मग कागद आणि ठिपके पाहायचे. साठच्या दशकातला अंक साध्या न्यूजप्रिंटवर असतो आणि कडांकडून आत पिवळा पडत जातो. रंग भिंगाखाली पाहिला तर निळे, किरमिजी आणि पिवळे ठिपके सुटे दिसतात. त्या काळी प्रत्येक शाई चारच पातळ्यांवर वापरत : अजिबात नाही, पाव, अर्धी आणि पूर्ण. तीन शायांच्या चार-चार पातळ्या मिळून ६४ छटा होतात, कॉमिकमधले सगळे रंग त्यातलेच. अलीकडच्या पुनर्मुद्रणाचा कागद पांढरा आणि गुळगुळीत असतो. जुनं छापील पान स्कॅन करून छापलं असेल तर ठिपक्यांवर ठिपके बसून कापडाच्या विणीसारखी नक्षी उमटते. ती दिसली की अंक मूळ छपाईचा नाही, हे नक्की.

गठ्ठ्यात मुखपृष्ठाचा एखादा तुकडा राहिला आहे का तेही शोधा. गोल्ड कीच्या मुखपृष्ठावर पाच आकडे, मध्ये आडवी रेघ आणि पुढे तीन आकडे असा क्रमांक असतो. शेवटच्या तिनांपैकी पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक, पुढचे दोन महिना. ७०७ असेल आणि किंमत १२ सेंट असेल तर १९६७ चा जुलै, म्हणजे मालिकेचा पहिलाच अंक. त्या अंकातल्या कथेचं नाव ‘द प्लॅनेट ऑफ नो रिटर्न’. पहिल्या ९ अंकांच्या मुखपृष्ठांवर मालिकेतली छायाचित्रं आहेत, पुढे रंगवलेली चित्रं येतात. तेव्हा छायाचित्राचा तुकडा हाती लागला तर तो जपा.

पानं कमी आहेत का हे अंदाजाने ठरवू नका. अंक मधोमध उघडा, पिना दिसतील. तिथून दोन्ही बाजूंची पानं मोजा. एकच मोठा कागद दुमडून पुढचं एक आणि मागचं एक पान होतं, त्यामुळे दोन्हीकडे संख्या सारखी यायला हवी. मागची दोन कमी भरली तर पुढची पहिली दोन पानं जोडीदाराशिवाय, केवळ घडीच्या कडेवर लोंबत असतील. ती ओढू नका. त्यांच्या घडीशी मागच्या पानांची फाटकी कड सापडते. तिच्यावरून पान फाटलं की कापलं तेही कळतं. जाहिरातीतलं कूपन कापण्यासाठी लोक कात्री चालवत आणि कूपनाच्या पाठीमागे कथेची चौकट असे, म्हणून अंक ‘पुरा’ म्हणण्यापूर्वी प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी पाहा.

अंक जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचा असेल तर तो मासिक अंक नव्हे. मँचेस्टरच्या वर्ल्ड डिस्ट्रिब्युटर्सने ब्रिटनमध्ये जी वार्षिकं काढली त्यांत गोल्ड कीच्याच कथा पुन्हा छापल्या होत्या. पानं मोठ्या आकाराची आणि एका भागात दोन-तीनच असतील तर तो ब्रिटिश साप्ताहिकातला भाग. ते साप्ताहिक १९६९ च्या जानेवारीत सुरू झालं तेव्हा बीबीसीवर मालिका लागलीही नव्हती. सुरुवातीच्या भागांत कॅप्टनचं नाव ‘कर्क’ऐवजी ‘कर्ट’ छापलेलं आहे. ते नाव दिसलं तर शोध तिथेच संपतो.

चिकोडी येथून : माझ्याकडच्या गोल्ड की अंकात एंटरप्राइझ यानाच्या मागच्या दोन नळ्यांतून आगीचे लोट निघतात. मालिकेत असं कधीच दिसत नाही. ही छपाईची चूक आहे का?

छपाई बरोबर आहे, चित्रच तसं काढलं आहे. कारण समजलं की त्या चित्रकाराबद्दल आदरच वाटतो. पहिले अंक नेव्हिओ झेकारा यांनी काढले, नंतरचे बरेचसे आल्बेर्तो जोलित्ती यांनी. दोघेही इटालियन. जोलित्ती रोममध्ये बसून चित्रं काढत आणि त्या वेळी इटलीत ही मालिका दाखवली जात नव्हती. हाताशी होती ती प्रसिद्धीची मोजकी छायाचित्रं. छायाचित्रात यान एका जागी उभं असतं. ते कसं चालतं हे त्यातून कळत नाही. अवकाशयान म्हणजे अग्निबाण, अग्निबाणामागे ज्वाळा, असा साधा तर्क त्यांनी केला. मालिकेच्या कल्पनेत त्या नळ्या धूर सोडणारी इंजिनं नाहीतच. त्या यानाभोवतीचं अवकाश वाकवतात, म्हणून तिथे जळण्यासारखं काही नाही.

अशाच कारणाने गणवेशांचे रंग चुकतात आणि ग्रहावर उतरणारी माणसं पाठीवर पिशव्या घेतलेल्या दिसतात. मात्र झाडं, दगड, खोल दऱ्या, प्राचीन शहरांचे अवशेष पाहा. ज्या गोष्टींना छायाचित्राचा आधार लागत नव्हता तिथे जोलित्तींचा हात किती मोकळा चालतो! स्टुडिओतल्या रंगवलेल्या पुठ्ठ्याच्या खडकांपेक्षा त्यांचे ग्रह कितीतरी खरे वाटतात.

चुकीपेक्षा मोठा फरक कथेत आहे. पहिल्या अंकातल्या ग्रहावर माणसाला झाड बनवणारी वनस्पती आहे आणि शेवटी एंटरप्राइझ वरून किरण सोडून तिथली जीवसृष्टी नष्ट करते. परक्या ग्रहाच्या जीवनात ढवळाढवळ करायची नाही, हा मालिकेतला मोठा नियम. तो कॉमिकच्या लेखकापर्यंत पोचला नव्हता, असंच म्हणावं लागतं.

निपाणी येथून : आमच्याकडे जुन्या वह्यांत, कपड्यांत कीड लागू नये म्हणून तंबाखूची पानं ठेवतात. कॉमिकच्या पेटीत ठेवली तर चालतील का?

नका ठेवू. वाळलेल्या तंबाखूत जगणारा लहान तपकिरी भुंगेरा असतो, गोदामवाल्यांच्या चांगला ओळखीचा. हाच किडा जुनी पुस्तकंही पोखरतो. म्हणजे ज्याला बाहेर ठेवायचं त्यालाच आपण पानाबरोबर पेटीत नेतो. शिवाय पान ओल धरतं आणि कागदावर तपकिरी डाग सोडतं, तो निघत नाही. वेखंडाची पूड जाड कापडाच्या पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, कागदाला लागू देऊ नका. डांबराच्या गोळ्या टाळा. त्यांची वाफ बंद पेटीत साठते, प्लास्टिक चिकट करते आणि माणसालाही बाधते.

कीड लागली असेल तर आधी कोणती ते ओळखा. दीड मिलिमीटरच्या आतलं गोल भोक आरपार गेलेलं असेल तर भुंगेरा. वरचा थर खरवडल्यासारखा, कडा कुरतडलेल्या असतील तर कसर. भुंगेऱ्यासाठी घरचा फ्रीझर उत्तम. अंक झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, दुसऱ्या पिशवीत घाला आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, ही पायरी लोक चुकवतात. गार कागदावर लगेच बाहेरची दमट हवा लागली की थेंब जमतात, आणि किडीतून वाचलेला अंक बुरशीत जातो.

खानापूर येथून : आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल्या असतात. अंक पिशवीत घालूनही बुरशी येते. यंदा तर एका अंकाचं चकचकीत मुखपृष्ठ आणि पहिलं पान एकमेकांना चिकटलं. काय करावं?

पिशवी कधी भरली, हाच इथे मुख्य प्रश्न. पावसाळ्यात दमट कागद पिशवीत घालून तोंड चिकटवलं तर ओल आतच कोंडते. पिशव्या भरायचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. कोरड्या दिवशी अंक पंख्याखाली, उन्हात मात्र नाही, दोन दिवस मोकळे ठेवा आणि मगच आत घाला. आर्द्रतामापक, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र, पेटीत ठेवा. ४५ ते ५५ टक्के असेल तर निर्धास्त राहा. आर्द्रता ६५ च्या वर टिकून राहिली की बुरशीला मोकळं रान मिळतं.

पिशवी पॉलिप्रोपिलीनची किंवा पॉलिएस्टरची हवी. मऊ, वास येणारी, हाताला किंचित चिकट लागणारी पिशवी बहुधा पीव्हीसीची असते. तिच्यातलं तेलकट द्रव्य कागदात उतरतं आणि शाई उचलतं. आत आधाराला आम्लरहित पुठ्ठा घाला. शर्टाच्या घडीतला किंवा मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा वापरू नका, त्यातलं आम्ल मागच्या पानावर तपकिरी चौकोन उमटवतं. न्यूजप्रिंट स्वतःच लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातल्या लिग्निनला उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. म्हणून पेटी अंधारात, जमिनीपासून वीतभर उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. पत्र्याची ट्रंक वापरायची तर आतून पुठ्ठा लावा. रात्री पत्रा गार पडतो आणि आतल्या बाजूला दव धरतं.

मध्यम पेटीला साधारण १०० ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे खडे, पुरतं. केशरी रंगाचं घ्या, ओल भरली की ते हिरवट होतं. मग जुन्या कढईत मंद आचेवर, नाहीतर ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आत वाळवायचं की पुन्हा केशरी होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, ते नकोच. कोणतंही जेल वाळवलेली कढई परत स्वयंपाकाला वापरू नका. खानापूरच्या पावसात आठवड्याला एकदा तरी रंग बघावा लागेल.

आता चिकटलेलं मुखपृष्ठ. चकचकीत कागदावर मातीचा थर असतो आणि तो धरून ठेवायला चिकट द्रव्य. भिजलं की ते मऊ होतं, वाळलं की सरसासारखं घट्ट बसतं. म्हणून असा अंक ओला असतानाच पानं सोडवायची असतात. एकदा वाळून चिकटला तर ओढून वेगळं करायचा प्रयत्न करू नका, चित्राचा थर दुसऱ्या पानावर जातो. तो अंक आहे तसा ठेवणंच शहाणपणाचं. पुढच्या वेळी भिजलाच तर ४८ तास हाताशी आहेत, त्यानंतर बुरशी धरते. आधी पिना काढा. मधल्या पानावरचे वाकवलेले पाय बांबूच्या पातळ पट्टीने सरळ करा आणि पिन पाठीकडून बाहेर घ्या. गंजलेली पिन ओल्या कागदात राहिली तर तिचा डाग सगळ्या पानांत उतरतो. मग पानांमध्ये कोरा, न छापलेला कागद घाला आणि तो दर तासा-दोन तासांनी बदला. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई सुटते. पंखा दूरच्या बाजूला लावा. एकाच वेळी बरेच अंक भिजले आणि हात कमी असतील तर अंकांच्या मध्ये मेणकागदाचे कोरडे तुकडे घालून ते फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीने एकेक काढा.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. दहा-पंधरा वर्षांत ती सुटते आणि मागे पिवळा, तेलकट पट्टा कायमचा राहतो. लॅमिनेशनही करू नका. ते उलटवता येत नाही.

टिळकवाडी, बेळगाव येथून : ‘डॉक्टर हू’च्या जुन्या ब्रिटिश चित्रपट्ट्यांत डॉक्टरबरोबर जॉन आणि जिलियन नावाची नातवंडं आहेत. मालिकेत ती नाहीत. मग कॉमिकमधल्या गोष्टी मालिकेच्या मानायच्या की नाही?

ही नातवंडं हक्कांच्या व्यवहारातून जन्मली. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर सुरू झाली आणि नोव्हेंबर १९६४ मध्ये ‘टीव्ही कॉमिक’ साप्ताहिकात तिची पट्टी आली. प्रकाशकाला डॉक्टर मिळाला, पण पडद्यावरच्या साथीदारांचे चेहरे वापरायचे तर वेगळा हक्क घ्यावा लागतो. त्यापेक्षा नवी पात्रं स्वस्त पडली. मालिकेतले खलनायक डॅलेक तर सुरुवातीला मिळालेच नाहीत, कारण ते जानेवारी १९६५ पासून ‘टीव्ही सेंच्युरी २१’ या दुसऱ्या साप्ताहिकात होते. म्हणून ‘टीव्ही कॉमिक’च्या चित्रकारांनी ट्रॉड नावाचे यंत्रमानव बनवले. तुमच्या अंकात ट्रॉड दिसले तर त्याच साप्ताहिकातली पट्टी समजा.

मानायचं की नाही, याचं उत्तर मालिकेगणिक बदलतं. मार्व्हलने १९८० मध्ये ‘स्टार ट्रेक’ घेतलं तेव्हा त्यांच्या हक्कात फक्त पहिल्या चित्रपटातली सामग्री होती. टीव्हीवरच्या ७९ भागांतली पात्रं आणि ठिकाणं त्यांना वापरता येत नव्हती, आणि त्या १८ अंकांत ती ओढाताण जाणवते. याच्या उलट ‘बॅबिलॉन ५’. त्याचे डीसीने १९९५ पासून ११ अंक काढले आणि मालिकेचे कर्ते जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी पहिली कथा स्वतः लिहिली. पहिल्या आणि दुसऱ्या पर्वाच्या मधली जागा तिने भरली आहे, तेव्हा ती मालिकेचीच. आमचं मत असं की मालिकेच्या कर्त्याने स्वतः लक्ष घातलं असेल तर अंक मालिकेला जोडून वाचावा, नसेल तर स्वतंत्र कथा म्हणून. जॉन आणि जिलियन वाईट नाहीत, फक्त त्यांचं घर वेगळं आहे.

अथणी येथून : नेहमी मालिका आधी आणि कॉमिक नंतरच का?

नेहमी नाही. गोल्ड कीचं ‘स्पेस फॅमिली रॉबिन्सन’ १९६२ मध्येच निघालं होतं, ‘लॉस्ट इन स्पेस’ ही मालिका १९६५ ची. पुढे १९६६ पासून कॉमिकच्याच नावाला ‘लॉस्ट इन स्पेस’ हे शब्द जोडले. कुटुंब मात्र दोन्हीकडे वेगळंच राहिलं.

संकेश्वर येथून : आमच्या मंडळाला गणेशोत्सवाच्या अंकासाठी एका इंग्रजी विज्ञानकथा मालिकेच्या भागाचं मराठी कॉमिक करायचं आहे. अंकाची किंमत ठेवणार आहोत, पण नफा नाही. परवानगी लागते का?

लागते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रूपांतराची व्याख्या करताना चित्रांतून सांगितलेली, पुस्तकात वा नियतकालिकात छापण्याजोगी आवृत्ती स्पष्टपणे नमूद केली आहे. लेखी किंवा नाट्यकृतीचं कॉमिक करणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने रूपांतर, आणि तो अधिकार मूळ मालकाचा. अनुवादाचा अधिकारही त्याचाच. नफा नाही, याने हे बदलत नाही. स्वतःपुरतं काढून वहीत ठेवलं, किंवा परीक्षणात मुद्दा दाखवायला एखादी चौकट वापरली, तर कायद्यात त्याला जागा आहे. छापून वाटणं त्यात बसत नाही.

मनापासून सुचवावंसं वाटतं की स्वतःची कथा करा. मालिकेची बांधणी घ्या, पात्रं घेऊ नका. बांधणीवर कोणाचा हक्क नसतो. हिडकल धरणाच्या पाण्यात उतरलेलं यान आणि ते पहिल्यांदा पाहणारी पंपावरची माणसं, एवढ्यावरही २४ पानं उभी राहतात.

त्याच मंडळाकडून, आणि अनगोळ येथून : पानं किती, चौकटी किती, अक्षरं केवढी, आणि छापखान्यात काय सांगायचं?

मूळ ‘स्टार ट्रेक’चा भाग एक छोटी सुरुवात आणि नाटकासारखे चार अंक असा बांधलेला असे. तीच विभागणी २४ पानांना बसते : सुरुवातीला २, प्रत्येक अंकाला ५, शेवटाला २. पानाला चार ते सहा चौकटी धरल्या तर सगळ्या मिळून १२० च्या आसपास होतात. टीव्हीवर माणसं पाच मिनिटं उभी राहून बोलली तरी चालतं, कागदावर तेच पान मरतं. एका चौकटीत एकच कृती ठेवा. धक्का द्यायचा तो डाव्या हाताच्या, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर, कारण पान उलटेपर्यंत तो दिसत नाही. उजव्या पानावर ठेवला तर डावं वाचतानाच नजर तिकडे जाते.

फुग्यात १५ शब्दांपुढे जाऊ नका. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे इंग्रजी फुग्याची उंची पुरत नाही. अक्षर १० पॉइंट असेल तर ओळीतलं अंतर १४ ठेवा. चित्र काढण्याआधी मजकूर टाईप करून फुगे मांडा, उलट क्रमाने केलं की पात्रांचे चेहरे झाकले जातात. ओरडणं दाखवायला इंग्रजीसारखी मोठी लिपी आपल्याकडे नाही, म्हणून जाड वळण वापरा. अक्षरांमधली जागा वाढवू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो.

संगणकावर ‘कि’ची वेलांटी व्यंजनानंतर येते किंवा जोडाक्षरं सुटी दिसतात, ही तक्रार तीन पत्रांत आहे. अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलं की ती जाते. छापखाना जुन्या फॉन्टवर मजकूर बदलून घेणार असेल तर ‘ताऱ्यांकडे’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याने’ हे शब्द शोधून तपासा. अर्ध्या ‘र’चं रूप बदलताना हमखास बिघडतं आणि ‘तार्यांकडे’ छापलं जातं. विज्ञानकथेत तारे पानोपानी येतात, म्हणून हे महत्त्वाचं. सर्वांत सुरक्षित म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून पीडीएफ देणं.

आकारासाठी छापखान्यात ‘क्राउन एक चतुर्थांश’ सांगा. कापल्यावर साधारण सव्वासात बाय साडेनऊ इंच मिळतो, तो अमेरिकन कॉमिकच्या जवळ आहे आणि कागद वाया जात नाही. आत ८० जीएसएम मॅपलिथो, मुखपृष्ठाला १७० जीएसएम आर्ट पेपर. कडेपर्यंत जाणारं चित्र कापण्याच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर वाढवा आणि मजकूर रेषेच्या आत किमान ६ मिलिमीटर ठेवा. मधे पिन मारताना आतली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांचीच कड जास्त जाते. रेषाचित्र ६०० डीपीआय, रंगीत ३००. अक्षरांचा काळा फक्त काळ्या शाईचा ठेवा. चार रंगांचा काळा घेतला आणि प्लेट केसभर हलली की अक्षरांना रंगीत सावली येते.

पार्श्वभूमीला बेळगावची बस किंवा दुकान असेल तर पाटी कन्नडमध्ये काढा, आपल्या रस्त्यावर ती तशीच असते. मात्र फॉन्टने टाईप न करता चित्राचा भाग म्हणून काढा, आणि छापण्याआधी कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याला दाखवा. एक वळण चुकलं तर शब्द बदलतो.

खानापूर तालुक्यातून : घरच्या मुलांसाठी ‘स्टार ट्रेक’चा एक अंक मराठीत वाचून दाखवतो. कर्क आणि स्पॉक एकमेकांना ‘तू’ म्हणतील की ‘तुम्ही’? आणि स्कॉटीला आपली बोली दिली तर?

इंग्रजीतल्या एका शब्दावर मराठीत तीन निर्णय घ्यावे लागतात. स्पॉक कर्कला ‘तुम्ही, कॅप्टन’ म्हणेल, त्याचा स्वभावच तसा. डॉक्टर मकॉय त्याला ‘जिम’ म्हणतो, तिथे ‘तू’शिवाय पर्याय नाही. कर्क स्पॉकला ड्युटीवर ‘तुम्ही’ आणि दोघंच असताना ‘तू’ म्हणाला तर त्यांची मैत्री एका अक्षरात दिसते. हा फायदा इंग्रजीला नाही. सुलू आणि उहुरा कॅप्टनला ‘तुम्ही’. परग्रहवासीयाशी पहिल्या भेटीत ‘आपण’.

फेझर (किरणांचं शस्त्र), वार्प (अवकाश वाकवून जाणं), क्लिंगॉन (परग्रहावरची लढाऊ जमात) हे शब्द तसेच ठेवा, पहिल्यांदा येताना चित्राकडे बोट दाखवलं की मुलांना कळतात. माणसाला क्षणात यानातून ग्रहावर पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टरलाही मराठी नाव शोधत बसू नका.

स्कॉटीला आपली बोली जरूर द्या. मूळ मालिकेतही तो स्कॉटिश वळणाने बोलतो आणि यानावरचा सर्वांत पक्का कारागीर तोच आहे. ‘इंजिन तापूलंय बगा, कॅप्टन’ हे त्याच्या तोंडी शोभतं, कारण ते हसवण्यासाठी नसून कामाच्या घाईत आलेलं आहे. फक्त सगळ्या अंकभर एकच वळण ठेवा, अर्धं कोल्हापूरचं आणि अर्धं बेळगावचं करू नका, मुलं लगेच पकडतात.

हुक्केरी येथून : अंकावर जुलै छापलंय, पण आत मे महिन्याच्या जाहिराती आहेत. खोटा अंक आहे का?

खरा आहे. कॉमिकवरचा महिना विक्रेत्याने अंक मांडणीवरून काढायचा असतो तेव्हाचा. अंक त्याच्या आधी, बहुतेक वेळा दोनेक महिने, दुकानात आलेला असे.